थेंबाभोवतीचा वायू: फवाऱ्यातून धातू मिळेल की ऑक्साईड, हे कशावर ठरतं?

कॉपर नायट्रेटचं निळं द्रावण घ्या. त्याचे बारीक तुषार करून ते तापलेल्या नळीतून नेले की पलीकडे कोरडी पूड मिळते. नळीतून हवा सोडली असेल तर पूड काळी येते, म्हणजे क्युप्रिक ऑक्साईड. हवेऐवजी नायट्रोजन सोडला आणि तापमान पुरेसं चढवलं तर लाल पूड येते. ते क्युप्रस ऑक्साईड, ज्यात तांब्याच्या दोन अणूंमागे ऑक्सिजनचा एकच अणू असतो. आणि नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळला तर ऑक्साईड न उरता तांबंच हाती येतं. द्रावण तेच, भट्टी तीच, तुषार करणारं यंत्रही तेच. बदलला तो फक्त वायू.

या पद्धतीला स्प्रे पायरोलिसिस, म्हणजे फवारून उष्णतेने मोडणं, म्हणतात. चांदीची पूड, निकेलची पूड, बॅटरीतली ऑक्साईडं, रंगद्रव्यं, उत्प्रेरक अशा कितीतरी गोष्टी या मार्गाने बनवता येतात. तिच्यावर लिहिताना बहुतेक जण तापमान आणि द्रावणाची तीव्रता यांवर भर देतात आणि वायूला 'वाहक वायू' म्हणून एका ओळीत मोकळं करतात. मला हे पटत नाही. वायू थेंब वाहून नेतो हे खरं, पण ते त्याचं सगळ्यात साधं काम. तो रासायनिक क्रियेत भाग घेतो, थेंब किती वेगाने वाळणार हे ठरवतो, आणि कणाला भट्टीत किती वेळ मिळणार हेही ठरवतो. शिवाय सिलिंडरमधून निघालेला वायू आणि तापलेल्या थेंबाला प्रत्यक्ष भेटणारा वायू, हे दोन वेगळे असतात. सगळी गुंतागुंत इथेच आहे.

थेंबाचा कण होतो कसा

प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या यंत्रात द्रावणाखाली एक पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे वीज दिली की थरथरणारी, चकती असते. ती सेकंदाला १७ लाख वेळा, म्हणजे १.७ मेगाहर्ट्झने, थरथरते. द्रावणाच्या पृष्ठभागावर छोटं कारंजं उठतं आणि त्यातून साधारण ३ मायक्रोमीटर व्यासाचे थेंब सुटतात. वायू हे धुकं उचलून नळीच्या आकाराच्या भट्टीत नेतो. तिथे आधी पाणी उडतं, मग क्षार घन रूपात बाहेर पडतो, मग त्याचं अपघटन होतं, म्हणजे तो मोडतो, आणि शेवटी उरलेले अतिसूक्ष्म स्फटिक एकमेकांत मिसळून कण घट्ट होतो. हे सगळं काही सेकंदांत उरकतं. वाटेत थेंब एकमेकांवर आदळून एक झाले नाहीत, तर एका थेंबातून एक कण असा सरळ हिशोब असतो.

चांदीचं उदाहरण घेऊ. लिटरला ०.१ मोल सिल्व्हर नायट्रेट असलेल्या द्रावणात १०.८ ग्रॅम चांदी असते. चांदीची घनता पाण्याच्या साडेदहा पट. म्हणजे थेंबाच्या आकारमानाचा जेमतेम हजारावा भाग चांदीचा. आकारमान हजारपट घटलं की व्यास दहापट घटतो, म्हणून ३ मायक्रोमीटरच्या थेंबातून ०.३ मायक्रोमीटरचा कण मिळायला हवा. पण हा हिशोब कण आतून भरीव असेल तरच खरा, आणि तो भरीव होईल की पोकळ, यातही वायूचा हात असतो. त्याकडे पुढे येतो.

चांदीच्या बाबतीत वायूची फारशी काळजी करावी लागत नाही. सिल्व्हर ऑक्साईड हवेतसुद्धा २०० अंश सेल्सिअसच्या आसपास मोडायला लागतं, त्यामुळे भट्टीच्या तापमानाला चांदी ऑक्सिजनला धरून ठेवूच शकत नाही. साधी हवा सोडली तरी धातूच मिळतो. सोनं आणि प्लॅटिनमचंही तसंच. पॅलेडियम मात्र सीमेवर उभं आहे: हवेत साधारण ८०० अंशांच्या खाली त्याचं ऑक्साईड टिकतं, त्याच्या वर ते मोडून पुन्हा धातू होतो. म्हणजे ७०० अंशांना आणि ९०० अंशांना त्याच हवेत दोन वेगळे पदार्थ.

ऑक्सिजन किती कमी म्हणजे 'कमी'?

प्रत्येक धातू आणि त्याचं ऑक्साईड यांच्यात, ठरावीक तापमानाला, ऑक्सिजनची एक सीमारेषा असते. भोवती ऑक्सिजन त्याहून जास्त असेल तर धातू तो ओढून घेतो, कमी असेल तर ऑक्साईड तो सोडून देतं. हॅरोल्ड एलिंगहॅम यांनी १९४४ मध्ये अशा रेषा एकाच आलेखावर मांडल्या. धातुशास्त्राचे विद्यार्थी आजही तोच आलेख उघडून बसतात. चांदी आणि तांबं त्यात वरच्या बाजूला, लोखंड मधे, टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम खूप खाली. जितकं खाली, तितकी ऑक्सिजनवरची पकड घट्ट.

आता तांब्याकडे नीट पाहू. हवेत क्युप्रिक ऑक्साईड १०३० अंशांच्या आसपास ऑक्सिजन सोडून क्युप्रस होतं. नायट्रोजनमध्ये ऑक्सिजन फार थोडा, म्हणून हाच बदल कितीतरी शे अंश खाली घडतो. लाल पूड येते ती यामुळे. मग नायट्रोजन आणखी शुद्ध केला तर तांबं का मिळू नये? कारण क्युप्रस ऑक्साईडकडून उरलेला ऑक्सिजन सोडवायचा तर ७२७ अंशांना (१००० केल्विन) ऑक्सिजनचा दाब वातावरणाच्या दाबाच्या हजार कोटीव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याखाली न्यावा लागतो. ९९.९९९ टक्के शुद्ध नायट्रोजनच्या सिलिंडरमध्येही दहा लाखांत एखाद-दुसरा भाग ऑक्सिजन असू शकतो. तो या सीमेच्या दहा हजार पट आहे. शुद्धता वाढवत राहून हे अंतर कापता येत नाही.

हायड्रोजन हे काम वेगळ्या वाटेने करतो. तो ऑक्सिजनला पकडून त्याचं पाणी करतो आणि उरलेल्या मुक्त ऑक्सिजनची पातळी थेट त्या सीमेखाली नेऊन ठेवतो. पण इथे एक अट आहे, आणि फवाऱ्याच्या पद्धतीत तीच सगळ्यात जास्त छळते. ही क्रिया दोन्ही बाजूंनी चालते. हायड्रोजन ऑक्साईडमधून ऑक्सिजन काढतो, तशी पाण्याची वाफ धातूला ऑक्सिजन परत देऊ शकते. म्हणून हायड्रोजन किती आहे, यापेक्षा वाफेच्या तुलनेत तो किती आहे, हा प्रश्न महत्त्वाचा. तांब्याला वाफेच्या तुलनेत हायड्रोजनचा नुसता अंश पुरतो. निकेलला शंभरात एक भागही पुष्कळ. लोखंडाला मात्र ८०० अंशांना वाफेच्या जवळजवळ दुप्पट हायड्रोजन लागतो. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमच्या बाबतीत हायड्रोजनचा उपयोगच नाही. अशा द्रावणांतून या मार्गाने ऑक्साईडच मिळणार.

थेंब स्वतःच वायू तयार करतो

एक हिशोब मांडून पाहू. मिनिटाला १ लिटर वायू सोडला आहे आणि त्यात ५ टक्के हायड्रोजन आहे, म्हणजे ५० मिलिलिटर. हा वायू मिनिटाला फक्त ०.१ मिलिलिटर द्रावण धुक्याच्या रूपात उचलतो असं धरा. एक मिलिलिटर पाण्याची वाफ झाली की ती खोलीच्या तापमानाच्या हिशोबाने सुमारे १.३६ लिटर भरते. म्हणजे आपल्या ०.१ मिलिलिटरमधून १३६ मिलिलिटर वाफ. हायड्रोजन ५०, वाफ १३६. गुणोत्तर ०.३७. तांबं मिळेल, निकेल मिळेल, लोखंड मिळणार नाही. सिलिंडरवर 'हायड्रोजन मिश्रण' असं ठळक लिहिलेलं असलं, तरी लोखंडाच्या दृष्टीने त्या नळीतलं वातावरण ऑक्साईड बनवणारंच आहे.

नायट्रेटचाही वाटा आहे. कॉपर नायट्रेट मोडताना नायट्रोजन डायऑक्साईड आणि ऑक्सिजन सोडतं. वरच्याच उदाहरणात ०.१ मोलचं द्रावण असेल आणि वायू शुद्ध नायट्रोजन असेल, तर नायट्रेटमधून निघालेला ऑक्सिजन एकूण वायूच्या दहा लाखांत शंभर भागांवर जातो. सिलिंडरमध्ये होता तो एखाद-दुसरा भाग. शिवाय नायट्रोजन डायऑक्साईड वेगळा, आणि तोही ऑक्सिजन देणाराच. हे आकडे सगळ्या नळीत समान मिसळलेल्या वायूचे झाले. मोडत असलेल्या कणाच्या अगदी जवळ प्रमाण याहून जास्त असणार. 'आम्ही निष्क्रिय वायू वापरला' या वाक्यावर म्हणूनच मी लगेच विश्वास ठेवत नाही. कोणता क्षार वापरला आणि किती धुकं सोडलं, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

यावर उपाय आहेत. धुकं कमी सोडता येतं, हायड्रोजन वाढवता येतो, किंवा भट्टीच्या आधी धुकं सिलिका जेलने वेढलेल्या जाळीच्या नळीतून नेता येतं, म्हणजे वाफ बाजूला शोषली जाते आणि वाळलेले कण सरळ पुढे जातात. नायट्रेटऐवजी फॉर्मेटसारखा क्षार घेतला तर तो मोडताना ऑक्सिजन सोडण्याऐवजी क्षपण करणारे, म्हणजे ऑक्सिजन काढून घेणारे, वायू देतो. आणखी एक सुंदर युक्ती म्हणजे द्रावणातच इथेनॉल घालणं. तापलेल्या नायट्रोजनमध्ये इथेनॉल मोडतं आणि त्यातून हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साईड तयार होतात. हायड्रोजनचा सिलिंडर न जोडता थेंब स्वतःचा हायड्रोजन स्वतः घेऊन येतो. तांबं आणि निकेल या दोन्हींसाठी हे जमतं. तेच इथेनॉलचं धुकं हवेत सोडलं तर ते पेटतं, आणि बंद नळीत तो स्फोटाचा धोका आहे. नळीतली हवा नायट्रोजनने पूर्ण बाहेर काढल्याशिवाय हायड्रोजन किंवा अल्कोहोल आत सोडायचं नाही, हा नियम इथे कधीही शिथिल करता येत नाही. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेऊ शकतो.

कार्बनची बाजूही आहेच. ॲसिटेटसारखे सेंद्रिय क्षार हवेत स्वच्छ जळून जातात, पण नायट्रोजनमध्ये कणात थोडा कार्बन मागे सोडतात. कुठे तो डाग ठरतो, तर कुठे हवासा असतो. बॅटरीतल्या लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये लोह दोन संयुजेचं राहायला लागतं, म्हणून ते निष्क्रिय किंवा सौम्य क्षपण करणाऱ्या वायूत बनवतात, आणि कणावर बसलेला कार्बनचा थर वीज वाहायला मदत करतो. याउलट जास्त निकेल असलेल्या ऑक्साईडांना निकेलची वरची संयुजा टिकवण्यासाठी शुद्ध ऑक्सिजन लागतो. त्याच बॅटरीच्या धन अग्रासाठीचे हे दोन पदार्थ, आणि वायूची गरज नेमकी उलटी.

भरीव की पोकळ

आतापर्यंत झालं ते रसायन. पण वायू कोणतीही रासायनिक क्रिया न करता कणाचा आकार बदलू शकतो, आणि हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो.

थेंबाच्या पृष्ठभागावरून पाणी उडतं तेव्हा तिथे क्षार साठत जातो. त्याला आत पसरायला वेळ हवा. ३ मायक्रोमीटरच्या थेंबात क्षाराला कडेपासून केंद्रापर्यंत पसरायला दोनेक मिलिसेकंद लागतात. वाळणं याहून सावकाश झालं तर क्षार सगळीकडे सारखा दाटत जातो आणि कण भरीव होतो. वाळणं याहून झपाट्याने झालं तर कडेला आधी कवच धरतं, आतलं पाणी अडकतं, आणि मग कण पोकळ राहतो किंवा आतल्या वाफेच्या दाबाने फुटतो.

वाळण्याचा वेग वायूवर अवलंबून असतो. हेलियमची उष्णता वाहून नेण्याची क्षमता हवेच्या जवळजवळ सहापट आहे, आणि पाण्याची वाफ हवेपेक्षा हेलियममधून तिपटीहून जास्त वेगाने पसरते. हायड्रोजनही याच पंक्तीतला. आर्गॉन उलट, नायट्रोजनच्या सुमारे दोन-तृतीयांश उष्णता वाहतो. म्हणजे 'निष्क्रिय' म्हणून आर्गॉनच्या जागी हेलियम घेतला, तर रसायन तेच राहील पण थेंब कितीतरी लवकर वाळेल आणि कवच धरण्याची शक्यता वाढेल. दमट हवेत कपडे सावकाश वाळतात, तसंच वायू आधी ओलसर करून घेतला तर थेंबही सावकाश वाळतो आणि कण भरीव व्हायला मदत होते.

आता अडचण दिसली असेल. भरीव कणासाठी ओला वायू हवा, धातूच्या कणासाठी कोरडा. दोन्ही हवं असेल तर काम दोन टप्प्यांत वाटावं लागतं: आधी कमी तापमानाच्या भागात ओलसर वायूत सावकाश वाळवायचं, मग वाफ शोषून घ्यायची, आणि तापलेल्या भागाच्या तोंडाशी हायड्रोजन सोडायचा. नळी लांबते, जोड वाढतात, पण एकाच भट्टीत एकाच वायूकडून परस्परविरोधी कामं करून घेण्यापेक्षा हे बरं.

वायूचा वेगही यातच येतो. १ मीटर लांब आणि ५ सेंटीमीटर व्यासाच्या नळीत सुमारे २ लिटर जागा असते. मिनिटाला २ लिटर वायू सोडला तर कण एक मिनिट आत राहील असं वाटतं. पण १००० अंशांना वायू चौपटीहून जास्त फुगतो, आणि कणाला प्रत्यक्षात १४ सेकंद मिळतात. प्रवाह दुप्पट केला की ७. कणाला घट्ट व्हायला तेवढाच वेळ. दाब कमी केला तर चित्र आणखी बदलतं. जपानमधल्या हिरोशिमा विद्यापीठात किकुओ ओकुयामा यांच्या गटाने कमी दाबाखालच्या फवारणीवर काम केलं. तिथे एका थेंबातून एक मोठा कण न होता कित्येक नॅनोमीटर आकाराचे कण सुटे होऊ शकतात. सुरुवातीला मांडलेला एक थेंब, एक कण हा हिशोब तिथे लागू पडत नाही.

ज्योत, आम्ल आणि वितळलेला धातू

भट्टीऐवजी ज्वलनशील द्रावण ऑक्सिजनच्या झोताने उडवून थेट पेटवलं, तर त्याला फ्लेम स्प्रे पायरोलिसिस म्हणतात. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविज्ञान विद्यापीठात सोटिरिस प्राट्सिनिस यांच्या प्रयोगशाळेने हे तंत्र खूप पुढे नेलं. इथे झोताचा ऑक्सिजन वाढवला की ज्योत आखूड होते, कण गरम भागातून लवकर बाहेर पडतात आणि लहान राहतात. ज्योतीतून ऑक्साईडच मिळणार असं वाटणं स्वाभाविक आहे. पण त्याच संस्थेत वेंडेलिन स्टार्क यांच्या गटाने २००० च्या दशकात ज्योत नायट्रोजनने भरलेल्या बंद कक्षात ठेवली, इंधन जास्त आणि ऑक्सिजन कमी ठेवला, आणि कोबाल्ट व तांब्याचे धातुरूप नॅनोकण मिळवले. त्यांवर कार्बनचं पातळ कवचही चढलं, जे त्यांना पुढे हवेपासून वाचवतं.

मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण पोलाद उद्योगातलं आहे. पोलादी पत्र्यांवरचा गंज हायड्रोक्लोरिक आम्लाने काढल्यावर उरलेलं आयर्न क्लोराईडचं द्रावण उंच भट्टीत फवारतात. रुथनर पद्धत ती हीच. तिथे ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ मिळून क्लोराईडचं लाल आयर्न ऑक्साईड करतात आणि हायड्रोक्लोरिक आम्ल परत मिळतं. मघाशी लोखंडाच्या वाटेत आडवी येणारी वाफ इथे सगळ्यात महत्त्वाचा कच्चा माल आहे, कारण आम्लाला लागणारा हायड्रोजन तीच पुरवते.

हवेतला ०.०४ टक्के कार्बन डायऑक्साईडसुद्धा कधीकधी मोजावा लागतो. यिट्रियम, बेरियम आणि तांबं यांच्या अतिवाहक ऑक्साईडची पूड करताना बेरियम तो पकडून कार्बोनेट करतं, आणि ते मोडायला चिवट असतं. म्हणून तिथे कार्बन डायऑक्साईड नसलेला ऑक्सिजन घेतात.

द्रावणाऐवजी वितळलेला धातूच वायूच्या झोताने फोडतात तेव्हाही वायूची निवड दिसून येते. आर्गॉन धातूत विरघळत नाही, त्यामुळे कणात अडकलेला बुडबुडा तसाच राहतो. नायट्रोजन काही पोलादांत विरघळतो आणि त्यांची अंतर्गत रचना बदलतो: १७-४ प्रकारच्या स्टेनलेस पोलादाची नायट्रोजनमध्ये फोडलेली पूड ऑस्टेनाईट जास्त राखून ठेवते, आर्गॉनमधली मार्टेन्साईटकडे झुकते (पोलादातल्या अणूंच्या या दोन वेगळ्या मांडण्या).

भट्टीच्या बाहेर

कण धातूचा झाला म्हणजे काम संपलं नाही. नळीच्या थंड टोकाकडे तोच वायू, तीच वाफ, आणि नायट्रेट वापरलं असेल तर उरलासुरला नायट्रोजन डायऑक्साईड कणांसोबत येतो. थंड होताना वाफ गाळणीवर द्रवली तर तांब्याची पूड तिथेच काळवंडते. म्हणून गाळणी शंभर अंशांच्या वर ठेवतात, किंवा बाहेर पडणाऱ्या प्रवाहात भरपूर कोरडा नायट्रोजन मिसळून वाफ इतकी विरळ करतात की ती द्रवणारच नाही. दुसऱ्या उपायाने कण लगेच थंडही होतात, त्यामुळे एकमेकांना चिकटत नाहीत.

बारीक धातूची पूड एकदम हवेत उघडली तर ती आपोआप पेटू शकते, विशेषतः लोखंड, कोबाल्ट आणि निकेल. त्यासाठी पूड नायट्रोजनमध्येच ठेवून त्यात आधी एखादा टक्का ऑक्सिजन सोडतात. पूड गरम होते का ते पाहतात, थांबतात, मग प्रमाण हळूहळू वाढवत हवेपर्यंत नेतात. प्रत्येक कणावर काही नॅनोमीटर जाडीचं ऑक्साईड धरतं आणि पुढची क्रिया मंदावते. ०.३ मायक्रोमीटरच्या कणाला हे परवडतं. २० नॅनोमीटरच्या कणात मात्र ३ नॅनोमीटरचं कवच म्हणजे आकारमानाचा दोन-तृतीयांश भाग ऑक्साईडचा झाला. इतके लहान कण म्हणूनच हवा न लागू देता सरळ एखाद्या द्रवात पकडतात, किंवा त्यांना आधीच कार्बनचं कवच दिलेलं असतं.